आधी मोजू

परवा मुलाच्या ऑफिसची वेबसाईट फार रखडत होती. सगळ्यांचं एकच मत, मोठा सर्व्हर घ्या. हा म्हणाला, "बाबा, आधी मोजू." प्रोफायलर लावला. कुठल्या कामात किती वेळ गेला, ते तो दाखवतो. १०० ऑर्डरींच्या एका पानासाठी डेटाबेसकडे १०१ फेऱ्या! एकदा यादी, मग प्रत्येक ग्राहकाचं नाव वेगळं विचारायचं. (प्रगतिपुस्तकं भरताना दर मुलामागे कपाटापाशी जावं तसं.) सगळी नावं एकदम मागवली, २ फेऱ्यांत भागलं.

मला सातवीतला एक मुलगा आठवला. त्याची गणितं कधीच वेळेत उतरवून होत नसत. भर वर्गात मी त्याला 'मंद' म्हटलं होतं. त्याला फळाच नीट दिसत नव्हता. चष्मा आठवीत लागला, तोही दुसऱ्या सरांच्या लक्षात आलं म्हणून.