हिवाळ्यातलं ऊन आणि गोधडी

कॅनडात राहून उन्हाची तक्रार करणं म्हणजे माणदेशात राहून पावसाला नावं ठेवणं. पण टोरांटोच्या उत्तरेला, वॉनमधल्या आमच्या घरात सध्या तोच वाद चालू आहे. आईने शिवलेली गोधडी बायकोला हॉलमध्ये, दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगायची आहे. आजीच्या लुगड्यांचे तुकडे आहेत तिच्यात. उरलेला रंग जपायला हवा.

डिसेंबरअखेरीस पुण्यात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, इथे जेमतेम २३. त्यामुळे दोन मीटर उंच खिडकीतून पुण्यात ऊन पावणेदोन मीटर आत येतं, इथे पावणेपाच. दुपार कलली की ते भिंतीवर चढतं. त्यात बाहेर बर्फ! ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

साधी काच यातले थोडेच किरण अडवते. चांगली फिल्म ९९ टक्के अडवते म्हणतात, आणि ते खरंही असतं. फक्त दिसणारा उजेडही रंग उडवतो, हे विक्रेता सांगत नाही. शिवाय हा हिशेब साठत जातो. कापड आणि कागदासाठी संग्रहालयांत ५० लक्स उजेडाचा नियम रूढ आहे. खिडकीतून येणारं थेट ऊन ५० हजारांच्या घरात. म्हणजे उन्हातलं एक मिनिट संग्रहालयातल्या सोळा-सतरा तासांइतकं! आमच्या वॉनमध्येच, क्लाइनबर्गला, मॅकमायकेल कलासंग्रहालय आहे. मॅकमायकेल दांपत्याने १९६५ साली घरासकट प्रांताला दिलेलं. तिथे कागदावरच्या चित्रांपाशी डोळे सरावेपर्यंत थांबावं लागलं, ते का हे तेव्हा बायकोला समजावलं होतं. आता तेच घरी लागू करायचं, तर पडदे ओढा.

पण आई यंदा इथे आहे. पावणेपाचला अंधार होणाऱ्या गावात दिवसाचं ते दोन तास ऊन तिच्या गुडघ्यांना हवं असतं. "अरे, गोधडीसाठी मी अंधारात बसू का? आणि ती पांघरायची असते, टांगायची नसते."

शेवटी विरळ विणीचा रोलर पडदा मागवला, आणि गोधडीला जिन्याजवळची बिनखिडकीची भिंत दिली. दांडी बसवली आहे. पण एका कोपऱ्याचे टाके उसवलेत, ते आईला आधी घालायचेत. सुईत दोरा ओवायला उजेड लागतो, त्यामुळे पडदा सध्या वरच आहे.