जहाजावरची मेस

सुट्टीवरून परत आल्यावर हाउसमध्ये मला दोनच प्रश्न विचारले गेले. जहाज हलतं का, आणि जेवण कसं होतं? पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. समुद्र शांत असेल तर एवढं मोठं जहाज हलल्याचं कळतच नाही, फक्त ग्लासातल्या पाण्याकडे टक लावून बसलं तर कळतं. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि त्यातला निम्मा भाग मी हाउसमध्ये कुणालाच सांगितलेला नाही. तो इथे लिहितो.

माझी आत्या सिंगापूरला असते. डिसेंबरच्या सुट्टीत तिने आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं आणि चार रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढली. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आम्ही म्हणजे आई, बाबा, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पहिला पासपोर्ट त्यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी काढला, आणि साताऱ्याहून निघाल्यापासून तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दर तासाला चाचपून पाहत होते.

आता जेवणाबद्दल. आपल्या मेसमध्ये घंटा झाली की फॉल-इन, आत जायचं, जे ताटात येईल ते खायचं. जहाजावर नेमकं काय खायचं यापेक्षा कुठे खायचं हे ठरवण्यातच वेळ जातो. सर्वात वरच्या मजल्यांपैकी एकावर बुफे असतो. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही मांडलेलं असतं आणि भारतीय पदार्थांचा वेगळा काउंटरही असतो: वरण, भात, पनीर, पोळी. (पोळी म्हणजे बहुतेक वेळा नान. आईने चार दिवस त्यावरून नाक मुरडलं.) जैन जेवण हवं असेल तर आधी कळवावं लागतं. पिझ्झाची खिडकी रात्री उशिरापर्यंत उघडी असते, त्यामुळे मी आणि माझी आतेबहीण रोज रात्री अकरा वाजता तिथे हजर. हे सगळं तिकिटातच येतं. जपानी, इटालियन आणि स्टेकची हॉटेलं वेगळी, त्यांचे पैसे वेगळे. तिकडे आम्ही फक्त बाहेर लावलेलं मेनूकार्ड वाचलं.

आणि खालच्या मजल्यावर मुख्य डायनिंग रूम. तिथे जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक लवकर आणि एक आठच्या सुमारास. आपलं टेबल ठरलेलं, वेटर आणि त्याचा मदतनीसही रोज तेच. आमचा वेटर मडगावचा होता. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्याने पहिल्याच दिवशी कोकणीत विचारलं, "जेवपाक कितें दिवं?" आबांना तो तिथेच आवडला.

रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा छापील कागद येतो. मी त्याला डेली ऑर्डर्स म्हणायचो. त्यात वेळा असतात आणि संध्याकाळचा वेशही लिहिलेला असतो. बुफेला कसंही या, फक्त ओले पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय नकोत. डायनिंग रूमला रात्री हाफ पॅन्ट, बनियन, रबरी चपला आणि टोपी चालत नाही. आणि प्रवासातली एक रात्र फॉर्मल: पुरुषांनी सूट-टाय किंवा आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख. ज्यांना नटायचं नसेल त्यांनी वर बुफेत जेवावं, कोणी काही म्हणत नाही.

हे नियम सगळ्या जहाजांवर सारखे नसतात. 'क्वीन मेरी 2' या ब्रिटिश जहाजावर अजूनही संध्याकाळी सहानंतरचा वेश ठरलेला असतो आणि गाला रात्री डिनर जाकीट घातलेले लोक दिसतात. शिवाय तिथे तुम्ही कोणती केबिन घेतली यावर तुमची डायनिंग रूम ठरते. उलट 'नॉर्वेजियन' कंपनीने 2000 साली वेळेचं आणि टायचं बंधन काढून टाकलं आणि तीच आपली जाहिरात केली. मला हे सगळं माहीत होतं, कारण निघायच्या आधी महिनाभर मी हेच वाचत होतो. आपल्याला मेस मॅनर्स शिकवतात, त्याचा कधी नव्हे तो उपयोग होणार होता ना! मी आईला काटा कोणत्या हातात ते शिकवलं. आतेबहिणीला 'रेड सी रिग'ची गोष्ट सांगितली: तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात नौदलाच्या अधिकाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाला जाकीट काढून टाकलं, उघड्या गळ्याचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि कमरबंद एवढंच ठेवलं, आणि तो वेश आजही आपल्या नौदलात आहे. आबा शेजारी बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

आता तो न सांगितलेला भाग.

आबा शिपाई म्हणून भरती झाले, पण चार-पाच वर्षांतच त्यांना ऑफिसर्स मेसमध्ये घेतलं. आधी वेटर, शेवटी मेस हवालदार. फौजेत जेवायच्या तीन जागा असतात: ऑफिसर्स मेस, जेसीओ मेस आणि जवानांचा लंगर. आबांनी आयुष्यभर पहिल्या जागेत वाढलं आणि तिसऱ्या जागेत जेवलं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत मात्र मी नेहमी "आजोबा इन्फंट्रीत होते" एवढंच सांगतो. ते खोटं नाही.

पहिल्या रात्री शेजारच्या टेबलावर एक निवृत्त कर्नल आणि त्यांच्या पत्नी होत्या. माझी हजामत बघून त्यांनी लगेच ओळखलं. कोणती शाळा, कितवी, एनडीएचा फॉर्म भरला का, सगळं झालं. मग ते आबांकडे वळले आणि हिंदीत विचारलं, "साहेब, आपली पलटण कोणती? काम काय होतं?" आबा तोंडातला घास गिळत होते. मी घाईघाईने मध्ये पडलो, "हवालदार होते सर. रायफल कंपनी."

रायफल कंपनीत ते होते, पहिली चार-पाच वर्षं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जी साब." बस, एवढंच. पण नंतर सगळं जेवण होईपर्यंत ते वेटरच्या हातांकडे बघत राहिले.

दुसरा दिवस फॉर्मल रात्रीचा. बाबांनी आबांसाठी एक पांढरा बंदगळा शिवून आणला होता, पितळी बटणांचा. निवड माझी होती. आबा त्यात एकदम रुबाबदार दिसतील असं मीच बाबांना सांगितलं होतं. संध्याकाळी आईने तो हँगरला लावून ठेवला. आबा तो बघून म्हणाले, "तुम्ही जावा खाली. मी वर डाळभात खातो."

आईला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. आत्याला वाटलं सुरी-काट्याला घाबरतात. मलाही तसंच काहीसं वाटलं हे कबूल करतो, आणि ज्या माणसाने वीस वर्षं अधिकाऱ्यांची टेबलं लावली त्याच्याबद्दल मला असं कसं वाटू शकलं ते आता कळत नाही. मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, "आबा, आता कुणी एवढं कडक राहिलेलं नाही. आपल्या नौदलानं सुद्धा 2024 मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट घालायला परवानगी दिली. हा तर बंदगळा आहे."

आबा केबिनच्या गोल खिडकीपाशी बसले होते. कोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो कोट मी घातलाय. पंधरा-वीस वर्सं घातलाय. वर साफा, कमरंला पट्टा आन् हातात ट्रे. ह्यो उभ्या माणसाचा कोट हाय, बाळा. ह्यो घालून मला खुर्चीवर बसता यायचं न्हाई."

मी गप्प. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "काल तू साहेबाला सांगितलंस त्याचं काय न्हाई. तुझं वयच हाय तसलं. पण मेसचं काम काय चोरी न्हवती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रगडा लागला की हिशोब मिटतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आबा रागावले नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसले. शेवटी मी विचारलं, "मग तुम्हाला काय घालावंसं वाटतं?" त्यांनी बॅग उघडली. तळाशी कागदात गुंडाळलेलं धोतर होतं आणि काळा कोट. टोपी तर डोक्यावरच होती. म्हणजे साताऱ्याहून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. विचारलं मात्र कुणी नव्हतं.

आत्याने जाऊन काउंटरवर विचारलं. तिथल्या बाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, तुमच्या समारंभाचा पोशाख आहे ना, मग प्रश्नच नाही. मी आबांचे काळे बूट घेतले आणि अर्धा तास घासले. आपल्याकडे आल्यावर जी एक कला मला खरोखर आली ती हीच. टाचेकडे बघून आबा म्हणाले, "इथं राहिलंय." परत घासले.

डायनिंग रूमच्या दारात आबांनी स्वतःच टोपी काढली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. गावाकडे पंगतीला टोपी काढून बसत नाहीत. पण मेसमध्ये शिरताना डोकं उघडं करायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. आत गेल्यावर मी आधी शेजारच्या टेबलापाशी थांबलो. कर्नलसाहेब सुरीने लोणी लावत होते. म्हटलं, "सर, काल मी अर्धंच सांगितलं. आजोबा मेस हवालदार होते." माझे कान गरम झाले होते.

कर्नलसाहेबांनी सुरी खाली ठेवली आणि आबांना म्हणाले, "मेस हवालदार? मग काल तुम्ही माझ्या किती चुका मोजल्या?"

आबा म्हणाले, "दोन, साब."

त्यांच्या पत्नी इतक्या जोरात हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. कोणत्या दोन, ते आबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. कर्नलसाहेब मग बराच वेळ स्वतःच्या पलटणीतल्या मेस हवालदाराबद्दल बोलत राहिले. नवीन लेफ्टनंट असताना कमांडिंग ऑफिसरपेक्षा त्यालाच आपण जास्त घाबरायचो, म्हणाले.

आबा बसले. नॅपकिन मांडीवर. सूप चमचा स्वतःपासून दूर ढकलत. पाव सुरीने नाही, हाताने तोडून. मी सुरीने कापत होतो. त्यांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. माझ्या महिनाभराच्या अभ्यासात पावाचं प्रकरण सुटलंच होतं. वेटरने ताट डावीकडून ठेवलं आणि नंतर उजवीकडून उचललं. आबा हळूच म्हणाले, "पोरगं तयार हाय. अंगठा बघ, ताटाच्या आत येत न्हाई." मटणाचा मोठा तुकडा आला. त्यांनी चव घेतली, थोडा विचार केला आणि वेटरला विचारलं, "हिरवी मिरची मिळंल का?" मडगावकर आत गेला आणि बशीत चिरलेली मिरची आणि मीठ घेऊन आला. नंतर ती बशी कर्नलसाहेबांच्या टेबलावरही गेली.

जेवण झाल्यावर मी उठायला लागलो तर आबांनी हात धरला. "टोस्ट?" त्यांच्या मेसमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने टोस्ट झाल्याशिवाय टेबलावरून कोणी उठत नसे. इथे टोस्ट नसतो, मी म्हटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास किंचित वर केला, खाली ठेवला आणि मग उठले. सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी, घड्याळातल्या साडेसहासारखे सरळ.

फॉर्मल रात्री जिन्यापाशी जहाजाचा फोटोग्राफर उभा असतो. फोटो काढतो फुकट, पण छापील प्रत विकत घ्यावी लागते आणि ती किंमत ऐकून बाबा लगेच पुढे चालू लागले. आबा थांबले. पाकिटातून नोटा काढून आत्याला म्हणाले, "ह्याचे डॉलर करून दे त्याला."

गावच्या घरात ओसरीवर पलटणीचा एक जुना फोटो आहे. पुढे खुर्च्यांवर अधिकारी, आणि अगदी मागे डाव्या टोकाला पांढऱ्या कोटात आबा. जहाजावरचा फोटो आता त्याच्या शेजारी लावला आहे. त्यात आबा खुर्चीवर बसले आहेत, धोतर, काळा कोट, फोटोपुरती परत घातलेली टोपी. मी ब्लेझर घालून मागे उभा आहे.

माझा टाय वाकडा आला आहे. आबांनी हे फोनवर आत्तापर्यंत तीनदा सांगितलं.