पाणी सुटायची वाट

कोलाड, ऑक्टोबर. सकाळी काठावर पोचलो तेव्हा कुंडलिका गोट्यांमधून चालली होती, जेमतेम पोटरीभर. राफ्टा काठावर ओढून ठेवलेल्या. "भिऱ्याला मशीन चालू झालं की येईल पाणी," गाईड म्हणाला. गावातलाच पोरगा. समोर पात्रात एक काळा दगड होता, त्यावर बगळ्याची शीट. मी त्याच्यावरच नजर लावून बसले. आधी आवाज बदलला, खळखळीची घरघर झाली. मग काठाचा ओला पट्टा वर सरकला. दगड अर्धा झाला. थोड्या वेळाने तिथे नुसता पाण्याचा चकचकीत फुगवटा होता आणि त्याच्या मागे खळगा.

*

हे पाणी मुळात इकडचं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडतं, मुळशीच्या धरणात साठतं. वाटेत कुणी अडवलं नसतं तर मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. त्याला बोगद्यातून आणि पाइपांतून कोकणात उतरवलंय, सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या टर्बाइनवर. १९२७ पासून. वीज करून सुटलेल्या पाण्यावर आपण ओरडत, हसत जातो.

या धरणाखाली मावळातली भातखाचरं गेली. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. धरण झालंच. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना हेही कुणीतरी दोन वाक्यांत सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

*

"फॉरवर्ड! फॉरवर्ड!" पॅडल पाण्यात घातलं तर पाणीच नाही, लाटेच्या पोकळीवरून हवा कापली. राफ्टेचं नाक वर गेलं, पुढच्या दोघी दिसेनाशा झाल्या आणि माझी बाजू कलंडली.

पडताना कळलंच नाही. एकदम आवाज बंद. ऑक्टोबरच्या उन्हात बर्फासारखं गार पाणी, नाकात झणझण, डोळ्यांपुढे हिरवट पांढरं. वर आले तर पोराचा आवाज: "मावशी, पाय वर! उभं राहू नका!" उभं राहावंसं फार वाटतं. तेच करायचं नसतं. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. पाठीवर, पाय पुढे, बोटं पाण्यावर. गेले तशीच. दोराची पिशवी छातीवर येऊन पडली.

राफ्टेत ओढून घेतल्यावर मी हसत होते आणि हात थांबत नव्हते. आयुष्यात इतकं जागं क्वचितच वाटलंय.

*

एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. शाळेत शिकलेलं, पण अंगाला कळलं ते त्या दिवशी.

*

कोलाडवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने पुढे गेलं की महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. गाड्या शोधायला क्रेनला लोहचुंबक बांधून पात्रात सोडत होते, ते टीव्हीवर पाहिलेलं विसरता येत नाही. तिथे मशीन नव्हतं, वेळापत्रक नव्हतं, दोर टाकणारा पोरगा नव्हता. नवीन पुलावरून एसटी जाते तेव्हा मी अजून खिडकीतून खाली बघते.

*

परतताना ताम्हिणीने आलो. घाट चढून वर आल्यावर रस्त्याच्या कडेला मुळशीचं पाणी लागतं. गाडी थांबवायला लावली. धरण काठोकाठ, वारा नाही, ढगांची सावली जागची हलत नव्हती. काठावर दोन म्हशी बसलेल्या. चपला काढून खाली उतरले आणि हात घातला. कोमट होतं.