ठिपका आभाळात की डोळ्यात?

आपल्याकडे पुलाखाली किंवा जुन्या इमारतीच्या छताला चिखलाचं, आडव्या बाटलीसारखं घरटं करणारी लालबुडी भिंगरी तुम्ही पाहिली असेल. कमरेवर तांबूस पट्टा आणि लांब, दुभंगलेली शेपटी. इंग्लंडमध्ये मात्र ती दुर्मीळ. तिथल्या नेहमीच्या भिंगऱ्या बहुतेक ऑक्टोबरपर्यंत आफ्रिकेकडे निघून जातात. त्यानंतर दक्षिणेचे उबदार वारे सुटले, तर एखादी लालबुडी भरकटत तिथल्या किनाऱ्यावर येते. तिकडे नोकरीला असताना नोव्हेंबरच्या सुरुवातीला यॉर्कशायरच्या स्पर्न इथे मी तिचीच वाट पाहत उभा होतो.

राखाडी आभाळात एक काळा ठिपका सर्रकन गेला. दुर्बीण लावली, काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग लक्षात आलं, मी नजर वळवली की ठिपकाही वळतो. तो आभाळात नव्हता, माझ्या डोळ्यात होता.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. वय वाढतं तसा तो आकसतो आणि मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटतो. त्याच्या तंतूंची सावली ठिपक्यांसारखी, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. बहुतेकांना यापासून धोका नसतो. पण सुटताना पडदा ओढला जाऊन फाटू शकतो.

मला दुखत नव्हतं, नीट दिसत होतं. म्हणून डॉक्टर असूनही मी 'उद्या बघू' म्हटलं. रात्री अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, तेव्हा घाबरलो. सकाळी तपासणीत पडदा एका जागी फाटलेला निघाला. लेझरने तो तिथेच बांधून टाकला. आणखी थांबलो असतो तर पडदा सुटून मोठी शस्त्रक्रिया लागली असती, कदाचित नजरही गेली असती.

म्हणून लक्षात ठेवा:

- अचानक नवे किंवा पुष्कळ ठिपके दिसले,
- कडेला प्रकाश चमकला,
- नजरेच्या एका बाजूला पडद्यासारखी सावली आली,

तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. पडदा फाटताना दुखत नाही. चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर जास्त जपा. तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि काही तास धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

वर्षानुवर्षं असलेला एखादा जुना ठिपका मात्र सहसा निरुपद्रवी असतो.

भिंगरी त्या खेपेला दिसली नाही. पुढे दिसली ती आपल्याकडेच, एका पुलाखाली. दोन्ही डोळ्यांनी पाहिली.