पेट्रोलच्या जुन्या पंपाला नवा रंग द्यावा का?

१/ मराठीत ‘पेट्रोलपंप’ म्हटले की अवघे ठिकाण डोळ्यांपुढे येते; यंत्राचे नाव जागेला मिळाले आणि यंत्र विस्मरणात गेले. अमेरिकेत मात्र या यंत्राचेच संग्राहक आहेत. गंजलेला पंप विकत घेऊन तो पूर्ववत झळाळता करावा का, आणि केल्यास खर्च कारणी लागतो का, हा त्यांच्यातील जुना वाद. त्याचे उत्तर पंपाच्या इतिहासातच दडले आहे. हा धागा त्यासाठी.

२/ आरंभ रॉकेलपासून झाला. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाउझर याने १८८५ मध्ये जेक गंपर या दुकानदाराला रॉकेल मोजून देणारा पंप विकला. गंपरच्या दुकानात पिपातून गळणारे रॉकेल शेजारच्या लोण्यात उतरत असे, अशी कथा सांगतात. पुढे मोटारी आल्या आणि १९०५ मध्ये बाउझरने पेट्रोलसाठीही पंप आणला.

३/ पण बंद पेटीत काय चालले आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. माप पुरे आहे का, पेट्रोल स्वच्छ आहे का, हा संशय राहिलाच. त्यातूनच ‘व्हिजिबल’ पंप आला. उंच खांबावर काचेची नळकांडी, बहुधा १० गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची. हातदांडा मारून जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल तीत चढवायचे, आतील खुणांवर माप पाहायचे आणि मग ते स्वतःच्या भाराने मोटारीत उतरू द्यायचे.

४/ माथ्यावर असे काचेचा ‘ग्लोब’, आत दिवा. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले. प्रत्येकीला स्वतःची ओळख हवी होती. ती रंगांतून, चिन्हांतून आणि या ग्लोबमधून मिरवली गेली. आज काही पंपांच्या बाबतीत अस्सल ग्लोबचे मोल खालच्या यंत्राहून अधिक भरते, याचे मूळ इथे आहे.

५/ १९३० च्या दशकात माप आणि किंमत दोन्ही आपोआप दाखवणारी आकडेचक्रे आली आणि काचेच्या नळकांडीची गरज संपली. एडवर्ड हॉपरच्या १९४० सालच्या ‘गॅस’ या चित्रात निर्जन रस्त्याकडेला उभे असलेले तीन लाल पंप याच काळाचे. पुढे १९७० च्या दशकाअखेर पेट्रोल गॅलनला एक डॉलरच्या वर गेले. अनेक पंपांची चक्रे मात्र ९९.९ सेंटपर्यंतच फिरत. काही काळ निम्मा दर लावून बिल दुप्पट करण्याची पाळी आली आणि मग यंत्रे भंगारात निघाली.

६/ भंगारातून आणि शेतांवरच्या कोठारांतून संग्राहकांनी ती उचलली. पुनरुद्धार म्हणजे सुटे भाग काढणे, वाळूचा मारा करून पत्रा उघडा पाडणे, पोचे काढणे, प्रायमर, रंग, क्रोमचा मुलामा, नवी काच, नवी चिन्हे. सगळे काम कारागिराकडून करवून घेतल्यास बाजारभाव खर्चाला सहसा पुरत नाही. विपुल संख्येने बनलेल्या नंतरच्या पंपांत तर तोटा जवळजवळ ठरलेलाच. स्वतःच्या हाताने काम करणारा तरतो, कारण तो आपल्या तासांचे मोल लावत नाही.

७/ पैशापलीकडचे नुकसान अधिक गंभीर आहे. पंप एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला की त्यावर नवा रंग चढे. ते थर म्हणजे त्या पंपाची वहीच. वाळूचा मारा काही मिनिटांत ती कोरी करतो, आणि पुसलेले पान परत लिहिता येत नाही. म्हणूनच झिजलेल्या पण मूळ रंगाच्या पंपासाठी जाणकार संग्राहक चकचकीत पंपाहून अधिक मोजायला तयार असतात.

८/ धोकाही आहे. जुन्या रंगात शिसे असते. १९२३ पासून विकल्या जाऊ लागलेल्या एथिल पेट्रोलमध्येही ते होते. कोरडे घासले तर ती धूळ छातीत जाते. रिकामा दिसणारा पंपही आतल्या वाफेने पेट घेऊ शकतो.

९/ तेव्हा निर्णय पंपाकडे पाहून घ्यावा. मूळ रंग, अक्षरे आणि निर्मात्याची पाटी टिकली असतील, तर धूळ-गंज हलक्या हाताने काढून, मेणाचा हात देऊन थांबावे. जिथे केवळ गंज उरला आहे, भाग हरवले आहेत, किंवा आधीच कुणी बेफिकिरीने रंग फासला आहे, तिथे पुनरुद्धार सार्थ ठरतो. गमावण्यासारखे तिथे फारसे काही उरलेले नसते.

१०/ मात्र अट एक. क्रमांकाची पाटी जागेवर राहावी, कामाआधीची छायाचित्रे जपावीत, आणि कोणता भाग मूळचा व कोणता नवा, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे. नक्कल केलेले ग्लोब बाजारात भरपूर आहेत आणि फसगतही तितकीच. गिऱ्हाइकाला आतले दिसावे म्हणून ज्या यंत्राला काच बसवली गेली, त्याच्या विक्रीत काही झाकून ठेवणे शोभत नाही.