धाकट्या भावाचें पुस्तक

गेल्या दिवाळीच्या सुटींतील गोष्ट. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या इयत्तेंत शिकतो. दिवेलागणीनंतर तो पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणत असे, व तें ऐकून आमच्या आजीला धन्य वाटे. एके दिवशीं मीं थट्टेनें त्याचें पुस्तक ओढून घेतलें, तरी त्याचें वाचन थांबलें नाहीं! मग मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हा शब्द कोणता?" असें विचारलें, तेव्हां त्याची मान खालीं गेली व डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्याला धडा पाठ होता. वाचतां मात्र येत नव्हतें.

प्रथम मला राग आला. परंतु रात्रीं विचार करतां माझी मलाच लाज वाटली. आम्ही एकाच छपराखालीं राहतों. पण त्याच्याजवळ बसून एक पान तरी मीं कधीं वाचलें होतें काय?

सुटी संपल्यावर मी त्याच्या बाईंना भेटलों. त्या म्हणाल्या, "वर्गांत ४० मुलें. सर्वांच्या सुरांत सूर मिळवून म्हणणारें मूल माझ्याही नजरेंतून निसटतें. शाळा अक्षर देईल. तें मुरावयास घर पाहिजे." त्यांनीं रीतही सांगितली. सर्व मुळाक्षरें एकदम न घेतां ग, म, भ, न अशीं वळणांत साम्य असलेलीं थोडीं अक्षरें घ्यावीं. त्यांतूनच मग, मन, नभ, गगन, नमन हे शब्द जुळतात. नंतर एकेक स्वरचिन्ह लावावें, म्हणजे 'मन' याचें मान, मीन, मौन होतें. जोडाक्षरें सर्वांत शेवटीं.

आई परातींत तांदळाची पिठी पसरी, व तो तिच्यावर बोटानें अक्षरें गिरवी. पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटीची ही धाकटी बहीणच! आजीला लिहितां वाचतां येत नाहीं. पण ती गोष्ट सांगे, तिचीं चार वाक्यें मी मोठ्या अक्षरांत लिहून घेत असें, आणि भाऊ तीं तिलाच वाचून दाखवी. आपलेंच बोलणें कागदावरून परत ऐकूं येतें, याचें तिला मोठें नवल वाटे.

१९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच मुलांच्या आंगणांत नेली. पालकहो, आपणांस तर आंगणही ओलांडावयाचें नाहीं; रोज पाव घटका मुलाजवळ बसावयाचें, इतकेंच.

आतां भाऊ शब्दाखालीं बोट धरून सावकाश वाचतो. जोडाक्षरापाशीं अडखळतो, थांबतो, पुन्हां आरंभ करतो. परवां आजीनें विचारलें, "कां रे बाळा, पूर्वीसारखा घडाघडा कां म्हणत नाहींस?"

तो म्हणाला, "आजी, तेव्हां मी म्हणत होतों. आतां वाचतों."

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी