नाना पेठेत मर्सिडीज

स्थळ : निगडी, भक्ती-शक्ती चौक. वेळ : संध्याकाळी साडेसहा. ऋतू : २०२५ चा पावसाळा, नुकताच धड सुरू झालेला.

सिग्नल लाल झाला, मी ब्रेक मारला. आणि जिच्या ब्रेकचं कौतुक मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, ती मर्सिडीज थांबलीच नाही! सुळ्ळकन सरकत गेली आणि पुढच्या पीएमपीच्या बंपरपासून हातभर अंतरावर उभी राहिली. शेजारच्या सीटवर मामा. एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र छत्री घेऊन खाली उतरला, उकिडवा बसला आणि नखाने टायर दाबून बघायला लागला.

"नक्षी तर आहे की गं अजून," म्हणाला.

होती. अगदी व्यवस्थित होती. गोची तीच होती.

आता ही मर्सिडीज आमच्याकडे कशी, ते आधी सांगते. आम्ही काही बंगलेवाले नाही. मामा टेल्कोत होता, पिंपरीला. १९९४ मध्ये टेल्को आणि डेमलर-बेंझ यांची भागीदारी झाली आणि १९९५ पासून पिंपरीच्या त्या आवारात मर्सिडीज जोडल्या जायला लागल्या. पहिलं मॉडेल डब्ल्यू १२४, म्हणजे ई २२०. युरोपात तोवर तिच्या पुढची पिढी आली होती, आपल्याला जुनी मिळाली; पण मामाला हे सांगायची सोय नाही. रोज सायकलवरून येता-जाता तो त्या गाड्या बघायचा. पुढे गाड्यांची हौसमौज ओसरली, भाव आपटले, आणि निवृत्तीचे पैसे आल्यावर मामाने १९९६ ची एक ई २२० चक्क नव्या ऑल्टोच्या किमतीत घेऊन टाकली. मामीने आठ दिवस अबोला धरला होता.

आता मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गाडी मी चालवते. आणि गणपतीला गुहागर. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. गाडीत मामा, मामी, आई, मी, शिवाय मखर. भर पावसात कोयनेचा पट्टा कसा असतो, हे ज्याने बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको.

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत एक सांकेतिक क्रमांक असतो. शेवटचे चार आकडे बघायचे. आमच्या टायरवर होते २३१४. म्हणजे २०१४ सालातला २३ वा आठवडा. अकरा वर्षं! गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरही पळत नाही, त्यामुळे नक्षी झिजलेलीच नाही, पण रबर नुसतं उभ्या उभ्या म्हातारं होतं. कडक होतं, ओल्या रस्त्याला धरत नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीची आहे, तिच्यात आमचे टायर फर्स्ट क्लासने पास. जुन्या भारी गाड्यांचं हेच दुखणं. त्या झिजून नाही, उभ्या राहून बाद होतात.

मग काय, रविवार सोडून एक दिवस धरला आणि निघालो नाना पेठेत!

पुण्यात राहून नाना पेठ न पाहिलेले पुष्कळ लोक मला भेटलेत. लक्ष्मी रोडला साड्या घ्यायच्या, सोन्या मारुतीपाशी सोनं घ्यायचं, आणि तिथून मागे फिरायचं. पण तसंच पूर्वेला चालत राहा. डुल्या मारुती येतो. (पानिपताच्या वेळी हा मारुती डुलला होता, अशी आख्यायिका आहे. ऐंशीच्या स्पीडला आमचं स्टिअरिंगही डुलत होतं, म्हणून मी मनोभावे हात जोडले.) आणि मग हळूहळू वास बदलतो. अत्तर-उदबत्ती संपते, ग्रीस आणि नवं रबर सुरू होतं. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. दुतर्फा बेअरिंगवाले, क्लच प्लेटवाले, सीटकव्हरवाले, हेडलाइटच्या काचा माळेसारख्या टांगलेल्या. फुटपाथवर टायरचे मनोरे. वरच्या मजल्यावर जुन्या वाड्याच्या लाकडी गॅलऱ्या, खाली टायर बदलायचं मशीन फुसफुसतंय. एक पोरगा तोंडात बिस्किट धरून दोन्ही हातांनी दोन टायर घरंगळवत नेतो आणि रस्त्यावरच्या स्कूटर आपोआप बाजूला होतात. पार्किंग मिळणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

मर्सिडीज गल्लीत शिरली की दोन गोष्टी होतात. एक, चहावाल्यापासून सगळे मान वळवतात. दोन, भाव वाढतो.

पहिल्या दुकानात मालकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मामाला म्हणाले, "काका, हिला इनोव्हाचा टाकू. मस्त बसतोय, गाडी जरा उंचपण होईल."

मामा नुसताच माझ्याकडे बघून हसला. अभ्यास मी करून आले होते ना! आमचा साइज १९५/६५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि आत १५ इंची रिम. जुन्या इनोव्हाचा २०५/६५ आर १५. रिमवर चढतो, खोटं नाही. पण उंची तेरा मिलिमीटरने वाढते, स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कुठे घासेल का, याची काळजी आपण करायची. का म्हणून? गंमत म्हणजे आमचा खरा साइज काही दुर्मीळ नाही. जुन्या ऑक्टाव्हियाचा तोच, कोरोला आल्टिसचा तोच. "मर्सिडीजचा टायर द्या" म्हटलं की दुकानदार लांब चेहरा करतो. "१९५/६५ आर १५ दाखवा" म्हटलं की पोरगा माळ्यावर चढतो. तेव्हा मंडळी, गाडीचं नाव सांगूच नका. गाडी एक गल्ली अलीकडे लावा आणि नंबर सांगा. आम्हाला हे तिसऱ्या दुकानात सुचलं.

साइजच्या पुढे अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं, त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आमच्यासाठी ९१. एका टायरने ६१५ किलो पेलायचे, असा त्याचा अर्थ. चार माणसं, मखर, डिकीत मामीची पिठं-कूटं-लोणची; हा आकडा कमी करून चालत नाही. अक्षर वेगाचं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. आता कुंभार्लीत मी २४० ने जाणार आहे का? पण ही गाडी बनली तेव्हा तिचा टॉप स्पीड २१० च्या आसपास होता, आणि टायर त्याच्या वरचा हवा, हा साधा हिशोब. एच म्हणजे अगदी काठावर. टीवाला टायर हजाराने स्वस्त होता. दुसऱ्या दुकानातला दादा मनापासून म्हणाला, "ताई, आपल्याकडे एवढं कोण पळवतं?" त्याचं चूक नव्हतं. पण मला भक्ती-शक्ती चौकातला तो बंपर आठवत होता.

खरा तमाशा पुढेच झाला. मामाचा हट्ट : टायर जर्मनच पाहिजे. गाडी जर्मन, टायर जर्मन. पूर्वी नाना पेठेत युरोपातून आलेला माल बऱ्यापैकी मिळायचा. १२ जून २०२० ला सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि तो आटला. तिसऱ्या दुकानदाराने मात्र खरंच जर्मन नावाचा टायर काढला. मामाचा चेहरा खुलला. चष्मा लावून वाचायला लागला. मेड इन इंडिया.

"हे उत्तर प्रदेशात बनतात काका. मोदीपुरमला."

मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "म्हणजे जर्मन कसा?"

"तुमची गाडी कुठली?"

"पिंपरीची," मामा म्हणाला. आणि स्वतःच हसला.

दुकानदाराने संधी साधली. अहो, जपानी ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, २०१३ पासून. अमेरिकन गुडइयर वाळूजला बनवतं. मर्सिडीज स्वतःसुद्धा २००९ मध्ये पिंपरी सोडून चाकणलाच गेली. टायर काय नि गाडी काय, सगळा माल आपल्याच मातीतला! मामाला चाकण पटलं. गाडी पिंपरीची, टायर चाकणचा, नाशिक फाट्यावरून सरळ रस्ता. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना इंदूरजवळ आहे, हे मी मामाला मुद्दामच सांगितलं नाही.

सौदा ठरला असं वाटलं तेवढ्यात मी मोबाइलचा टॉर्च लावला. आणि इथे एक लक्षात ठेवा, हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो. दुकानदार जी बाजू वर ठेवतो तिथे नसला, तर टायर उलटा करायला लावायचा. लाजायचं नाही. मी लावला. चारपैकी दोन टायर तीन महिन्यांपूर्वीचे. उरलेले दोन पावणेतीन वर्षांपूर्वीचे! "पॅकिंगचा माल आहे ताई, सावलीत ठेवलेला. दोनवर डिस्काउंट देतो." तोपर्यंत हा माणूस इतका गोड बोलला होता की मला नाही म्हणायला जड गेलं. पण निघालो. मला वाटलं होतं मामा वैतागेल. तो म्हणाला, "लाइनवर असा पार्ट आला असता तर आम्ही परत पाठवला असता."

चौथ्या दुकानात चारही टायर एकाच महिन्यातले मिळाले, व्ही रेटिंगचे, नक्षीत पाणी फेकायला रुंद चरे. एकाचे ७,२०० रुपये. (ऑगस्टचा पहिला आठवडा होता, जीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबरपासून तो १८ झाला. आमचं नशीब!) दुकानाच्या बाई गल्ल्यावर बसल्या होत्या. भाव त्यांनी मला सांगितला, मामाला नाही. इथेच घ्यायचे, हे माझं तेव्हाच ठरलं.

"आणि स्टेपनी?" बाईंनी विचारलं.

स्टेपनी! ती आम्ही कुणी विचारातच घेतली नव्हती. डिकीचा तळ उचलला. आत पूर्ण साइजचं चाक, चकचकीत, रबराच्या बारीक मिशाही शाबूत. क्रमांक शोधला तर शेवटी चार आकडे नाहीत, तीनच. २००० सालाआधी तीनच असायचे. ०९६. नववा आठवडा, आणि साल ६ ने संपणारं. गाडी १९९६ ची. हे चाक गाडीबरोबर पिंपरीतून बाहेर पडलं आणि रस्त्याला कधी टेकलंच नाही.

मामाने हात फिरवला. "बघ, कसं नवं आहे."

मामा, घाटात पंक्चर झालं आणि हे लावलं तर? मी हे मोठ्याने बोलले नाही. बोलावं लागलं नाही. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि बाईंना म्हणाला, "पाच द्या."

बाकीचं काम भराभर झालं. जॅक कुठेही लावू द्यायचा नाही, पत्रा आत जातो; या गाडीला सिलमध्ये त्याची ठरलेली जागा आहे, ती मामाने पोराला दाखवली. चाकांना नट नाहीत, बोल्ट आहेत. ते बंदुकीने धाडधाड न आवळता शेवटी हाताच्या पान्याने. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नायट्रोजन नको म्हटलं, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन फुकट असतो. हवा किती, ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तीस वर्षांपूर्वीचा तो कागद अजून वाचता येतो, याचा मामाला कोण अभिमान!

मग पोराने विचारलं, "जुने देऊन टाकता का? तीनशेने घेतो."

"कुठे जातात ते?" मामाने विचारलं.

"जातात हो. बैलगाडीला जातात... कुणी घेतं टेम्पोबिम्पोला. नक्षी आहे ना अजून."

मामा जरा वेळ त्या चार टायरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कटर आण." पोराने मालकिणीकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. बाराशे रुपयांवर पाणी सोडून मामाने चारही टायरच्या बाजू स्वतःसमोर कापून घेतल्या. रस्त्यावरचे दोघं-तिघं हळहळले. पाचवा मात्र कापला नाही. तो मागच्या सीटवर, माझ्या ओढणीवर बसून निगडीला आला. आता मामाच्या गॅलरीत आहे. मामी त्यात माती भरून अळू लावणार म्हणते, आणि मामा तो विषय आला की पेपर वाचायला घेतो.

गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. पाटणपर्यंत रिमझिम, कोयनानगरला धो धो. कुंभार्लीत एका वळणावर धुक्यातून अचानक एसटीचे दिवे समोर आले. मी ब्रेक मारला. गाडी आपल्या बाजूला, सरळ रेषेत, जिथल्या तिथे उभी राहिली. आईने मागून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही."

चिपळूणला पेट्रोल भरताना म्हटलं, हवा बघून घेऊ का? मामा डोळे मिटूनच म्हणाला, "गरम टायरची हवा मोजायची नसते. गुहागरला पोचल्यावर, उद्या सकाळी."